हेतूचा प्रश्न : अफूजन्य व्यसन, आत्मघात आणि कथनाचा शेवट

मिखाईल बुल्गाकोव यांची 'मॉर्फिन' ही दीर्घकथा डिसेंबर १९२७ मध्ये सोव्हिएत वैद्यकीय कर्मचाऱ्यांच्या एका नियतकालिकात क्रमशः प्रसिद्ध झाली. प्रसिद्धीचे हे स्थळ बुल्गाकोव-समीक्षेत सहसा तळटिपेपुरते उरते. वास्तविक ते कथेच्या अर्थाला जवळचे आहे. या कथेचा पहिला वाचकवर्ग साहित्यरसिकांचा नव्हता. तो डॉक्टर, कंपाउंडर, परिचारिका यांचा, म्हणजे औषधाच्या कपाटाची किल्ली ज्यांच्या हाती होती अशांचा होता. व्यसन म्हणजे काय हे त्यांना सांगण्याची आवश्यकता नव्हती. त्यांच्यापुढे ठेवलेला प्रश्न वेगळा होता : सहकारी डॉक्टर पॉल्याकोव याने स्वतःवर गोळी झाडली ती नेमकी केव्हा, आणि ते 'केव्हा' त्याच्या मृत्यूविषयी काय सांगते?

अफू व तिच्यापासून बनलेल्या किंवा तिच्या धर्तीवर बनवलेल्या पदार्थांचे (मॉर्फिन, हेरॉइन, वेदनाशामक गोळ्या) व्यसन आणि आत्महत्या यांचा संबंध आज आकड्यांनी सिद्ध झालेला आहे. विल्कॉक्स, कॉनर आणि केन यांनी २००४ मध्ये अनेक देशांतील दीर्घकालीन पाहण्यांचे जे एकत्रित विश्लेषण केले, त्यात अशा व्यसनी व्यक्तींमधील आत्महत्येचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या सुमारे साडेतेरा पट आढळले. मात्र या आकड्यात एक खाच आहे. अतिमात्रेने झालेला मृत्यू अपघात की आत्महत्या हे बहुतेक वेळा ठरवता येत नाही. चिठ्ठी नसते, साक्षीदार नसतो, आणि शरीरात सापडलेले द्रव्य हेतूविषयी मौन पाळते. २०१८ मध्ये मारिया ओकेन्दो आणि नोरा व्होल्को या दोन संशोधकांनी अमेरिकेतील अतिमात्रा-मृत्यूंच्या संदर्भात नेमके हेच दाखवून दिले होते. अपघात म्हणून नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंत आत्महत्येचा एक अदृश्य वाटा दडलेला असतो. शिवाय 'जगायचे आहे' आणि 'मरायचे आहे' या दोन टोकांच्या मधल्या विस्तीर्ण प्रदेशात अनेक जण वावरत असतात.

वैद्यकशास्त्राची ही अडचण साहित्यशास्त्राच्या परिचयाची आहे. हेतू हा कथनाचा जुना आधार. पात्राने अमुक केले ते का, याचे उत्तर मिळाल्याशिवाय वाचकाचे समाधान होत नाही, आणि आत्महत्येच्या बाबतीत तर हे उत्तर मिळवण्याचा त्याचा हट्ट अधिकच तीव्र असतो. म्हणूनच व्यसनी पात्राची आत्महत्या कथेत 'अपरिहार्य' वाटेल अशी रचली जाते. उतरण लागली, गती वाढली, दरी आली. समीक्षकही पुष्कळदा याच उतरणीवरून घसरतात. प्रत्यक्षात ज्या संहितांना हा विषय आतून कळला आहे, त्या या अपरिहार्यतेला ठिकठिकाणी छेद देताना दिसतात.

'मॉर्फिन'मधील काळाची मांडणी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पॉल्याकोवच्या दैनंदिनीतील नोंदी १९१७ च्या जानेवारीत सुरू होतात आणि १९१८ च्या फेब्रुवारीत संपतात. या अवधीत रशियात दोन क्रांत्या झाल्या. साहजिकच कथेचे रूपकात्मक वाचन रूढ झाले : एका डॉक्टरचा ऱ्हास म्हणजे एका राजवटीचा, एका वर्गाचा ऱ्हास. हे वाचन चुकीचे नाही, पण त्यात शेवटच्या दोन-तीन दिवसांचा बळी जातो. ११ फेब्रुवारीला पॉल्याकोव आपला जुना सहाध्यायी डॉ. बोमगार्ड याला पत्र लिहून मदत मागतो. १३ तारखेच्या पहाटे तो दैनंदिनीत लिहितो की इंजेक्शनाविना चौदा तास गेले आहेत. हा आकडा तो पुन्हा लिहितो. त्याला स्वतःचाच अचंबा वाटतो आहे. त्याच नोंदीत बोमगार्डची गरज नाही, कोणाचीच गरज नाही, आयुष्य आणखी मिनिटभर लांबवणेही लाजिरवाणे ठरेल, असा आशय येतो.

म्हणजे पॉल्याकोवचा मृत्यू नशेच्या भरात होत नाही. तो होतो नशा थांबवल्यावर. त्याआधी तो मॉस्कोच्या रुग्णालयात जाऊन, तिथून उपचार अर्धवट टाकून परतलेला आहे. आजच्या व्यसनोपचाराला ही वेळ चांगली परिचित आहे. उपचार सुटल्यानंतरचे पहिले चार आठवडे मृत्यूच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचे असतात, हे २०१७ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक विश्लेषणाने दाखवले. शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, जुनीच मात्रा प्राणघातक ठरते. दुसरीकडे, औषध एकाएकी तोडल्याने होणारा शारीरिक आणि मानसिक छळ हा आत्महत्येच्या धोक्याशी जोडलेला आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०१९ मध्ये डॉक्टरांना याच कारणासाठी इशारा दिला : दीर्घकाळ या गोळ्या घेणाऱ्यांचे औषध अचानक बंद करू नका. बुल्गाकोवना हे आकडे ठाऊक असण्याचा प्रश्न नाही. त्यांना चौदा तास ठाऊक होते.

कथेच्या रचनेतच हेतूचे दोन दस्तऐवज आमनेसामने ठेवलेले आहेत. पत्र म्हणते 'ये'. दैनंदिनी म्हणते 'नको'. यांतले खरे कोणते? दैनंदिनी नंतरची, म्हणून तीच अखेरची इच्छा, असा निवाडा देणे सोपे आहे. परंतु मरणासन्न पॉल्याकोव ज्याच्याकडे आणला जातो तो बोमगार्डच, आणि वही तो सोपवतो तीही त्यालाच. 'कोणाचीच गरज नाही' असे लिहिणाऱ्याने वाचक मात्र निवडलेला आहे. त्या वहीतील काही पाने कापून टाकलेली आहेत, हाही तपशील कथा नोंदवते. सर्वाधिक कबुली देणाऱ्या संहितेतही एक भोक आहे. बोमगार्ड शेवटी सांगतो की तो मनोविकारतज्ज्ञ नाही, या टिपणांचा बोधप्रद उपयोग कितपत हे तो खात्रीने सांगू शकत नाही, मात्र त्याला ती उपयुक्त वाटतात. चौकटीतील निवेदकाची ही माघार काहींना फिकी वाटते. खरे तर कथेतील सर्वांत प्रामाणिक जागा तीच आहे. पत्र मिळाले त्या रात्री न निघता सकाळची वाट पाहणाऱ्या माणसाला यापेक्षा मोठा निष्कर्ष काढण्याचा अधिकार नाही.

युजीन ओनील यांच्या 'लाँग डेज जर्नी इन्टू नाइट' या नाटकात (लेखन १९३९ ते १९४१, प्रकाशन व पहिला प्रयोग १९५६) हाच प्रश्न रंगमंचावर येतो. नाटक ऑगस्ट १९१२ मधील एका दिवसाचे आहे. मेरी टायरोन उपचारगृहातून परतून दोन महिने झाले आहेत. पती आणि दोन मुलगे तिच्यावर पाळत ठेवून आहेत, आणि आपण पाळत ठेवत नाही असे दाखवत आहेत. तिच्या व्यसनाचा प्रारंभ धाकट्या मुलाच्या जन्मानंतर एका डॉक्टरने दिलेल्या मॉर्फिनने झाला होता. पॉल्याकोवचे पहिले इंजेक्शनही वेदनेवरचा उपाय म्हणूनच टोचले गेले होते. व्यसनाचा उगम विलासात शोधणाऱ्या नीतिकथांना या दोन्ही कलाकृती सुरुवातीलाच रजा देतात.

मेरीचा आत्महत्येचा प्रयत्न नाटकात घडत नाही, तो सांगितला जातो. औषध संपले त्या रात्री ती रात्रीच्या कपड्यांत घराबाहेर धावली होती, धक्क्यावरून पाण्यात उडी घेण्यासाठी. टायरोन हे तिला आठवून देतो, आणि ती ते आठवायला नकार देते. इथेही 'केव्हा' तोच आहे : पुरवठा तुटला तेव्हा. यामागे ओनील यांच्या आईच्या, एला ओनील यांच्या आयुष्यातील १९०३ चा प्रसंग आहे, हे चरित्रकारांनी नोंदवलेले आहे.

पण नाटकाची खरी कमाई तिसऱ्या अंकात आहे. धाकटा मुलगा एडमंड, ज्याला स्वतःला क्षयाचे निदान नुकतेच कळले आहे, आईला व्यसनी म्हणून जिव्हारी लागेल असे बोलतो आणि निघून जातो. मेरी एकटी उरते. आपल्या हातून कधीतरी न ठरवता जास्त मात्रा घेतली जावी अशी आशा ती व्यक्त करते. ठरवून तसे करणे तिला शक्य नाही, कारण मग देवमाता तिला क्षमा करणार नाही. या उद्गाराचे वाचन कॅथलिक पापभावनेच्या संदर्भात पुष्कळ झाले आहे, आणि ते योग्यच आहे. तथापि धर्माचा संदर्भ क्षणभर बाजूला ठेवला तर उरते ती एक विलक्षण अचूक मनःस्थिती. मेरी आपला हेतू अपघाताच्या स्वाधीन करू पाहते. इच्छा तिची, कृती कोणाचीच नाही. उद्या खरोखरच तसे घडले तर नोंदवहीत 'अपघात' लिहिले जाईल, आणि ते खोटेही ठरणार नाही, खरेही ठरणार नाही. संशोधकांना १९५६ नंतर सहा दशकांनी ज्या संदिग्ध प्रदेशाला नाव द्यावे लागले, तो ओनील यांनी एका पात्राच्या दोन-तीन वाक्यांत बसवला. आणि तो उद्गार लेखकाने ठेवला आहे अपमानानंतर लगेच. पॉल्याकोवच्या शेवटच्या नोंदीतही लाजच आहे. या दोन कलाकृतींत मृत्यूच्या सर्वांत निकट असलेली गोष्ट तल्लफ नसून लाज आहे.

इथे शब्दांकडे थोडे वळणे अप्रस्तुत होणार नाही. मराठीतील 'आत्महत्या' आणि रशियनमधील 'समउबीय्स्त्वो' या दोन्ही शब्दांच्या घडणीत 'स्वतः' अधिक 'ठार मारणे' असा हिशेब आहे. शब्दातच आरोपी आणि आरोप दोन्ही हजर आहेत. भारतात आत्महत्येचा प्रयत्न हा दंडसंहितेच्या कलम ३०९ नुसार दीर्घकाळ गुन्हाच होता. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम त्या रूपात उरले नाही. 'व्यसन' या शब्दाचा प्रवास मात्र उलट दिशेचा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील व्यसनाधिकारात राज्यावर येणारी आपत्ती आणि राजाला जडणारी खोड या दोन्हींसाठी 'व्यसन' हाच शब्द येतो. पूर, दुष्काळ आणि द्यूत एकाच छपराखाली. आधुनिक मराठीने यातला 'आपत्ती' हा अर्थ गमावला आणि 'खोड' तेवढी ठेवली.

आता बुल्गाकोव आणि ओनील यांच्यामधील सर्वांत अडचणीच्या साम्याकडे वळायला हवे. बुल्गाकोव स्वतः ग्रामीण स्मोलेन्स्क भागात डॉक्टर असताना १९१७ मध्ये मॉर्फिनच्या आहारी गेले होते, आणि १९१८ मध्ये कीव्हला परतल्यावर त्यातून सुटले. त्यांच्या पहिल्या पत्नी तात्याना लाप्पा यांच्या आठवणींनुसार, त्या इंजेक्शनांत गुपचूप ऊर्ध्वपातित पाणी वाढवत गेल्या. एला ओनील १९१४ मध्ये व्यसनमुक्त झाल्या आणि १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तशाच राहिल्या. म्हणजे दोन्ही कलाकृतींच्या मुळाशी असलेली माणसे वाचली. कलाकृतींतील माणसे वाचली नाहीत. पॉल्याकोव मेला, आणि मेरीला तिच्या लेखकाने ऑगस्ट १९१२ च्या मध्यरात्रीत, सुटकेच्या दोन वर्षे अलीकडे, कायमचे थांबवून ठेवले.

यावर 'कला म्हणजे चरित्र नव्हे' हे उत्तर तयार आहे, आणि ते पुरेसे नाही. वाचलेल्या लेखकाने पात्राला का मारावे, हा प्रश्न केवळ चरित्राचा नाही, तो रूपबंधाचाही आहे. शोकात्मिकेला शेवट लागतो. दैनंदिनीला शेवटची नोंद लागते. व्यसनातून बाहेर येण्याला मात्र असा शेवट नाही. तिथे आहे रोजची पुनरावृत्ती, अधूनमधून घसरण, पुन्हा उभे राहणे, आणि बरेचसे कंटाळवाणे दिवस. पाणी घातलेल्या इंजेक्शनांची कथा नाट्यपूर्ण होत नाही. तिची नायिका इंजेक्शन घेणारी व्यक्ती नसून देणारी असते, आणि तिची युक्ती यशस्वी होण्यासाठी ती कोणाला कळताच कामा नये.

रूपबंधाच्या या अडचणीत सर्वप्रथम सापडलेला मोठा लेखक म्हणजे टॉमस डी क्विन्सी. 'कन्फेशन्स ऑफ अॅन इंग्लिश ओपियम-ईटर' १८२१ मध्ये 'लंडन मॅगझिन'मधून आले. कबुलीजबाबाला सुटकेचा शेवट हवा, म्हणून डी क्विन्सींनी तो दिला. पुढच्या वर्षी पुस्तक निघाले तेव्हा जोडलेल्या परिशिष्टात त्यांना तो बराचसा मागे घ्यावा लागला. १८५९ पर्यंत ते जगले, अफूसह. त्यांचे समकालीन कोलरिज १८१६ मध्ये हायगेट येथील डॉ. जेम्स गिलमन यांच्या घरी राहायला गेले आणि १८३४ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिले. डॉक्टरच्या देखरेखीखाली ठरावीक मात्रा, सोबत एक कुटुंब, आणि अधूनमधून औषधविक्रेत्याकडून चोरून आणलेली जादा बाटली : ही अठरा वर्षे वाङ्मयेतिहासात प्रतिभेच्या उताराची म्हणून वाचली जातात. मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन देऊन माणसाला जिवंत आणि स्थिर ठेवणाऱ्या आजच्या उपचारपद्धतीच्या उजेडात ती वेगळी दिसतात. 'कुब्ला खान' त्यांनी पुन्हा लिहिले नाही हे खरे, पण ते जगले.

भारतीय भाषांत अफूविषयीचे लेखन आरंभी प्रबोधनाच्या अंगाने आले. हेमचंद्र बरुआ यांचे 'कानीयार कीर्तन' (१८६१) हे असमिया नाटक त्याचे ठळक उदाहरण. त्याचा रोख समाजावर आहे, एकट्या माणसाच्या मनात ते फारसे शिरत नाही. पुढे दीड शतकाने जीत थायिल यांची 'नार्कोपोलिस' (२०१२) ही इंग्रजी कादंबरी मुंबईच्या शुक्लाजी स्ट्रीटवरील अफूच्या अड्ड्यात शिरते. 'बॉम्बे' या शब्दाने सुरू होऊन त्याच शब्दावर संपणारी ही कादंबरी शेवट टाळण्याचा एक मार्ग सुचवते, मात्र तो वर्तुळाचा आहे, आणि वर्तुळातून सुटका नसते. अफूच्या नळीकडून हेरॉइनच्या पुडीकडे झालेले संक्रमण थायिल अचूक टिपतात. त्या पुडीसाठी ते जो शब्द वापरतात तो मुंबईच्या रस्त्यावरचा आहे : गरद.

याच शब्दाचे मराठी रूप अनिल अवचट यांच्या 'गर्द' या पुस्तकाचे शीर्षक आहे. थायिल यांच्या कादंबरीच्या पाव शतक आधीचे हे लेखन. एकच शब्द, काहीशी एकच शहरी भूमी, आणि तरी तौलनिक अभ्यासात या दोन पुस्तकांची गाठ क्वचितच घालून दिली जाते. एक इंग्रजी कादंबरी म्हणून अभ्यासक्रमात जाते, दुसरे 'सामाजिक लेखन' म्हणून वेगळ्या फळीवर ठेवले जाते. या वर्गवारीमागे असा एक समज आहे की जिथे शैली दिसते तिथेच साहित्य असते. अवचटांची वाक्ये छोटी आणि साधी आहेत, निवेदक प्रश्न विचारतो आणि गप्प बसतो. हेतूचा निवाडा करण्याची घाई तो करत नाही. बोमगार्डला जी माघार शेवटच्या परिच्छेदात सुचते, ती अवचटांच्या लेखनाची मूळ भूमिकाच आहे.

'गर्द'ला शेवट मिळाला तो पुस्तकाबाहेर. ते लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला, आणि १९८६ मध्ये पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. संहितेतून संस्था जन्मल्याची उदाहरणे मराठीत थोडी आहेत, आणि समीक्षेला त्यांचे काय करावे हे सहसा उमगत नाही. पुढे 'मुक्तांगणची गोष्ट' आली. तिचा नायक एक नाही, तिच्यात कळसाध्याय नाही. औषध तुटल्यावरच्या ज्या अवस्थेला रस्त्यावर 'टर्की' म्हणतात, त्या अवस्थेत पॉल्याकोव एकटा होता. इथे त्याच अवस्थेत शेजारच्या खाटेवर कोणीतरी असते, बहुधा त्याच वाटेने आधी गेलेले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भारतात सुमारे २ कोटी २६ लाख लोक अफूजन्य पदार्थ वापरतात आणि त्यांतील सुमारे ७७ लाखांना मदतीची गरज आहे. इतक्या माणसांच्या अनुभवाला केवळ पॉल्याकोवचा साचा पुरवणाऱ्या वाङ्मयव्यवहारात काहीतरी मूलतः अपुरे आहे. दुसऱ्या साच्याची कल्पना वाचकाला नसेल, तर तल्लफ आणि लाज यांच्या कात्रीत सापडलेल्या माणसाला आपल्या गोष्टीचा एकच शेवट दिसेल.

या दुसऱ्या साच्याची सामग्री नाही असे नाही. ती विखुरलेली आहे, आणि बहुतांशी सोबत करणाऱ्यांच्या तोंडी आहे. 'मॉर्फिन'मधली आन्ना किरिलोव्ना पॉल्याकोवला पहिले इंजेक्शन देते, पुढे विनवण्या करते, आणि तिच्या मृत्यूची नोंद बोमगार्ड एका वाक्यात उरकतो : १९२२, टायफस. तिची दैनंदिनी नाही. तात्याना लाप्पा यांच्या आठवणी उतारवयात इतरांनी विचारल्या म्हणून नोंदल्या गेल्या, आणि बुल्गाकोवच्या चरित्राची साधने म्हणून त्या वापरल्या जातात. 'मुक्तांगण'मध्ये व्यसनी पुरुषांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट चालतो. त्यात बोलले जाणारे कथन, लाप्पांच्या आठवणी आणि कथेतील आन्नाचे मौन एकत्र वाचायचे झाल्यास 'मॉर्फिन'ची कापलेली पाने कोणत्या बाजूने वाचायची, हे नव्याने ठरवावे लागेल.